हरायची शर्यत

माझ्या धाकट्या बहिणीला पळताना आमच्या वडिलांनी पहिल्यांदा पाहिलं ते सिनेमाच्या शूटिंगमध्ये. तोवर ती कितीतरी वर्षं पळत होती, शाळेतून, मग कॉलेजातून. पण खेळांचे सामने असतात थंडीत, आणि आमचे बापू आणि याडी, म्हणजे आई, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे ते उन्हं तापल्यावरच तांड्यावर परतायचे. साखरा गावाच्या बाजूला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. बहीण उसाच्या फडावर फोन करून सांगायची, बापू, मी पहिली आले. पलीकडून बापूंचा आवाज यायचा, "बराबर. जेवलीस का?" पहिली येणं म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

घरी आम्ही आमच्या तांड्याची बोली बोलतो. इथं सगळं मराठीत लिहिते आहे. मी हिंगोलीत एका खासगी शाळेत शिकवते आणि एक खोली घेऊन राहते. बहीण दहावी झाली आणि माझ्याकडे राहायला आली. पहाटे उठून ती मैदानावर जायची, आल्यावर वाटीभर भिजवलेले हरभरे खायची, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान. कॉलेजचे खेळाचे सर तिच्यावर फार मेहनत घेत. त्यांचं म्हणणं असं की ही पोरगी पोलीस भरतीत मैदानी चाचणीला तरी कुणाला ऐकणार नाही, लेखीचं आपण बघून घेऊ. तिनंही तेच धरलं होतं. खाकी कपडे, पोस्टिंग, मग याडीला फडावर जाऊ द्यायचं नाही. एवढंच.

त्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. एका सिनेमाचं शूटिंग गावाबाहेरच्या मैदानावर होणार होतं. खेड्यातली एक मुलगी धावपटू होते, अशी गोष्ट. शेवटची मोठी शर्यत इथं घ्यायची होती. मला नवल वाटलं, कारण सिनेमात ती शर्यत म्हणे कुठल्याशा मोठ्या शहराच्या स्टेडियममध्ये होती आणि आमच्या मैदानाला एकाच बाजूला प्रेक्षक गॅलरी. बाकी तिन्ही बाजूंना बाभळी आणि तारेचं कुंपण. सर म्हणाले, त्यांना एकच बाजू लागते, उरलेलं ते कॉम्प्युटरवर भरतात.

चार दिवसांत त्यांनी ते मैदान ओळखू येईनासं केलं. गॅलरीच्या पायऱ्या निळ्या रंगवल्या. खोट्या कंपन्यांच्या खोट्या नावांचे फलक लावले. आमच्या पोरी मुरमावर स्वतः फक्कीनं रेघा मारून पळायच्या, तिथं त्यांची माणसं दोऱ्या ताणून पांढऱ्याशुभ्र लेन आखत होती. सर आणि बहीण बघत उभे राहिले. आपलं मैदान असं असू शकतं, हे तिला खरं वाटेना.

लेनमध्ये उभं राहायला त्यांना खऱ्या पळणाऱ्या मुली हव्या होत्या. सरांच्या सगळ्या मुलींना त्यांनी एकदा पळवून पाहिलं आणि बहिणीला तिसरी लेन दिली. चौथी लेन नायिकेची. तिसरीतली मुलगी ही तिची मुख्य प्रतिस्पर्धी, शेवटच्या वळणापर्यंत पुढं असणारी. त्या दिवशी बहीण उड्या मारतच खोलीवर आली. "अक्का, शेवटच्या वळणापर्यंत मीच दिसीन," म्हणाली. हरायचं आहे हे तिला सांगितलेलं होतं. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. गोष्टच आहे, असं म्हणाली.

गर्दी भरायला त्यांनी गावोगावी आणि तांड्यांवर जीपा पाठवल्या. बापू आणि याडी त्या वेळी घरीच होते, ते आले. बापू नवं धोतर नेसून, पटका बांधून आले होते. पण गर्दी शहरातली दिसायला हवी होती. एका पोरानं त्यांचा पटका उतरवून ठेवला, धोतरावर नारंगी टी-शर्ट घातला, डोक्यावर टोपी दिली आणि सांगितलं, कमरेच्या वरचंच दिसणार आहे, खाली काही असू द्या. याडी ओढणीला हात लावू देईना म्हणून तिला मागच्या रांगेत बसवलं. शाळेला सुट्टी होती, मीही त्यांच्यासोबत बसले.

गर्दीचं काम बघणारी एक मुलगी होती, मुंबईची, विशीतली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती सगळ्यांना काका, मावशी म्हणून नीट समजावून सांगायची. पहिला पूर्ण दिवस आम्ही शर्यत पाहिलीच नाही. मैदानावर कुणी पळत नव्हतं. एक माणूस उंच काठीला लाल फडकं बांधून मैदानाच्या कडेनं चालत होता आणि आम्ही सगळ्यांनी त्या फडक्याबरोबर माना फिरवायच्या होत्या. ते फडकं म्हणजे पळणाऱ्या मुली. काठी वळणावर आली की उठून उभं राहायचं, शेवटच्या रेघेशी आली की ओरडायचं. आम्ही ओरडलो. मग सांगितलं की आता खाली नायिका तिच्या कोचशी बोलणार आहे, तिचा आवाज टिपायचा आहे, म्हणून तुम्ही तसंच ओरडा पण आवाज न काढता. टाळ्या वाजवा पण तळवे एकमेकांना लागू देऊ नका. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दुपारपर्यंत कुणी हसेना. भर उन्हात शेकडो माणसं तोंडं वासून, हात हलवत, कसलाही आवाज न करता उभी होती.

गॅलरी पूर्ण भरेल एवढी माणसं नव्हतीच. त्यामुळं आम्हाला आधी उजव्या टोकाला बसवून कॅमेऱ्यात घेतलं, मग उठवून मधे, मग डाव्या टोकाला. प्रत्येक वेळी टोप्या बदलायच्या, शेजारी बदलायचे. हे तुकडे नंतर जोडले की गॅलरी भरते, असं त्या मुलीनं सांगितलं. अगदी वरच्या रांगांमध्ये पुठ्ठ्याची माणसं ठेवली होती, त्यांना शर्ट घातलेले. याडीनं मला विचारलं की त्यांना तरी ऊन लागत नसेल ना.

बापू दिवसभर एकच विचारत होते, पोरगी कधी पळणार. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, गोष्ट काय आहे, कोण जिंकणार आहे. ते मान हलवायचे. पण शर्यत म्हटल्यावर ती शर्यतच असणार, असं त्यांच्या मनात असावं.

दुसऱ्या दिवशी मुली पळाल्या. तेही तुकड्यातुकड्यानं. आधी नुसतं सुटणं, थोडं पळायचं की थांबायचं, पुन्हा मागं. मग वळण. एका छोट्या गाडीवर कॅमेरा बांधून ती मुलींच्या शेजारून पळवत होते. नायिका भली मुलगी होती. कित्येक महिने तिनं सराव केला होता, तिचे घोटे पट्ट्यांनी बांधलेले होते. पण पहिल्यांदा लांबवर पळवलं तेव्हा माझी बहीण एवढी पुढं निघून गेली की दोघी एका चौकटीत मावेनात. सगळ्यांना थांबवलं. दिग्दर्शकानं सरांना बोलावलं.

वेगात पळतोय असं दाखवत हळू पळणं सोपं नसतं. चेहऱ्यावर ताकद दिसायला हवी, हात पूर्ण चालायला हवेत आणि पाय मात्र आवरायचे. सर तिच्या शेजारी उभं राहून तिला ते शिकवत होते. पाय आखडता घे, टाच टेकव, असं. इतकी वर्षं तेच सर मैदानाच्या कडेनं तिच्याबरोबर पळत ओरडायचे, पाय लांब टाक, टाच टेकू नको. मी पाहत होते, सर तिच्या डोळ्यांकडे न पाहता बोलत होते.

पुन्हा सुटल्या. वळणावर बहीण पुढं होती आणि सरळ रेषेत आल्यावर ती मागं पडायला लागली. बापू ताडकन उठले. आमच्या बोलीत, तिला घरच्या नावानं हाक मारून ते ओरडले की सोडू नको, पळ. त्यांचा आवाज फडावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा आवाज होता. बहिणीनं पळतापळता मान वळवली. काम थांबवलं गेलं.

ती मुंबईची मुलगी पायऱ्या चढून आली. "काका, तुम्ही चौथ्या लेनमधल्या मुलीसाठी ओरडायचं आहे."

"माझी पोरगी तिसऱ्यात हाय."

"माहीत आहे काका. पण आज ती हरणार आहे."

"काहून? पुढं तर तीच हाय."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी बापूंना हात धरून खाली बसवलं. पण पुढच्या वेळीही तेच झालं. त्यांनी ठरवून केलं नाही, ती मागं पडताना पाहिली की त्यांना बसवत नव्हतं. मग त्यांना उठवून वर नेलं, पुठ्ठ्याच्या माणसांच्या रांगेत. तिथून आवाज नीट पोचत नाही, असं कुणीतरी म्हणालं. पाच-सहा पुठ्ठ्यांच्या मधे नारंगी शर्ट घातलेले आमचे बापू एकटे बसले.

त्यानंतरच्या फेरीत सगळे नायिकेचं सिनेमातलं नाव घेऊन ओरडत होते. मी मागं वळून पाहिलं. बापू उभे होते, एक हात वर केलेला, आणि तेही तेच नाव ओरडत होते. खालपर्यंत ऐकू येत होतं. नंतर जेवताना मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, पोरीचं काम बिघडून राहिलं होतं माझ्यापायी.

जेवणानंतर पडण्याचं घेतलं. गोष्टीत असं होतं की शेवटच्या टप्प्यात तिसऱ्या लेनमधली मुलगी बाजूला बघते आणि अडखळून पडते, आणि नायिका पुढं निघून जाते. पडायच्या जागेवरचा मुरूम त्यांनी खणून काढला होता, तिथं चाळलेली माती भरून पाणी मारलं होतं. लांबून पडणं पहिल्याच वेळी छान झालं. पण दिग्दर्शकाला ते जवळूनही हवं होतं, कॅमेरा जमिनीवर ठेवून. कधी बहिणीची सावली नायिकेवर पडली, कधी केस तोंडावर आले, कधी धूळच जास्त उडाली. प्रत्येक पडण्यानंतर दोन माणसं माती सारखी करायची, एक बाई तिचे कपडे झटकून गुडघे पुसायची. सरांनी एकदा सांगून पाहिलं की पोरगी दमली आहे. दिग्दर्शकानं तिलाच विचारलं, जमेल का. ती व्हय म्हणाली. मला वाटतं, तिला ते आवडतही होतं थोडं. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं.

ज्या वेळी ते झालं, त्या वेळी मी डाव्या टोकाला बसले होते. भरलेली माती जिथं संपून जुना टणक मुरूम सुरू होत होता, तिथं कोर तयार झाली होती. तिचा पाय त्या कोरेत अडकला, शरीर पुढं गेलं आणि गुडघा जागीच फिरला. ती पडली. गुडघा धरून पडून राहिली. गोष्टीतही तिनं गुडघा धरून पडून राहायचं होतं, जिंकणाऱ्या मुलीकडे बघत. म्हणून कुणीच थांबलं नाही. नायिकेनं रेघ ओलांडली, हात पसरले. गॅलरी उभी राहून ओरडत होती, मीही उभी होते, टाळ्या वाजवत होते. कॅमेऱ्याजवळचे लोक खूश दिसत होते.

फक्त बापू उतरायला लागले होते. पुठ्ठ्यांमधून वाट काढत, एक पुठ्ठा त्यांच्या धक्क्यानं आडवा झाला. ते पायऱ्या उतरले, फक्कीच्या रेघा ओलांडून थेट मैदानात गेले. तेव्हा कुठं दिग्दर्शक कट म्हणून ओरडला. कुणीतरी रागावून त्यांच्याकडे धावलं. बापू तिच्याजवळ उकिडवे बसले आणि तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मी पोचले तेव्हा त्यांनी मान वर करून मला विचारलं, "हे बी गोष्टीत हाय का?"

मी न्हाई म्हणाले.

बहीण रडत नव्हती. तिच्या ओठांना माती लागली होती. ती एवढंच म्हणत होती की बापू, मला उभं करा, एकदा उभं करून पाहा. सरांनी आणि बापूंनी तिला दोन्ही बाजूंनी उचललं. पाय टेकवला आणि ती त्यांच्या अंगावर कोसळली.

बर्फ आणला, फवारा मारला, त्यांच्याच गाडीनं दवाखान्यात नेलं. ती मुंबईची मुलगी आमच्याबरोबर आली आणि वाटेत बहिणीपेक्षा तीच जास्त रडली. पुढं नांदेडला दाखवलं. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता, आत गादीलाही इजा होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे बोलले. चालता येईल, कामं करता येतील, पळण्याचा विचार सोडा. बहिणीनं विचारलं, किती दिवस सोडू. ते म्हणाले, सोडा बेटा.

शूटिंग ती पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण झालं होतं. बहिणीचे कपडे घालून दुसऱ्या एका मुलीला पाठमोरी पळवलं, असं सरांकडून कळलं. सिनेमावाल्यांचा एक माणूस काही दिवस फोन उचलायचा, मग तो नंबर लागेना. त्या मुंबईच्या मुलीचे निरोप मात्र अधूनमधून यायचे, पाय कसा आहे म्हणून. नंतर ती दुसऱ्या कुठल्या शूटिंगला गेली आणि निरोपही कमी झाले. तिच्यावर माझा राग नाही. खरं तर राग धरावा असं कुणी माझ्या हाती लागत नाही. दिग्दर्शकानं बहिणीला विचारलं होतं आणि तिनं व्हय म्हटलं होतं. सर आता मैदानावर येतात पण आमच्या खोलीकडे येत नाहीत. एकदा बाजारात दिसले, तेव्हा तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत वळले.

भरतीची मैदानी चाचणी पावसाळ्यानंतर झाली. बहिणीचा फॉर्म आधीच भरलेला होता. त्या दिवशी ती बाकीच्या मुलींबरोबर गेली. मी म्हणाले, नको जाऊस. ती म्हणाली, त्यांच्या पिशव्या सांभाळायला कुणीतरी लागतंच. दिवसभर ती मैदानाच्या कडेला पिशव्या आणि चपलांजवळ बसून होती. पळताना तिच्या मागं राहणाऱ्या दोघी त्या भरतीत लागल्या. तिनंच मला येऊन सांगितलं, चांगलं झालं म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

पुढच्या वर्षी सिनेमा मोबाईलवर आला. बापू आणि याडी फडावरून परत आले होते, माझ्या खोलीवर आले. बहिणीला बोलावलं तर ती म्हणाली, तुमी पाहा, आणि बाहेर जाऊन बसली. आम्ही तिघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. ती सगळी शर्यत घागर भरायच्या आत संपली. मैदानाच्या चारही बाजूंना उंच उंच गॅलऱ्या होत्या आणि सगळ्या भरलेल्या. बाभळी कुठंच नव्हत्या. बहीण पाठमोरी दिसली, मग तिचे पाय दिसले, मग ती पडली. त्यांनी तेच पडणं ठेवलं होतं, ज्यात गुडघा गेला ते. मी ओळखलं, बापूंनीही ओळखलं. चेहरा केसांत झाकलेला होता.

मग गर्दी दाखवली. त्यात बापू होते. नारंगी शर्ट, वर केलेला हात, उघडं तोंड. थोड्या वेळानं पलीकडच्या गॅलरीत पुन्हा तेच बापू, तसाच हात. जोडताना त्यांनी आमचेच तुकडे पुन्हा पुन्हा भरले होते. याडीनं बोट ठेवलं, हे बी तुमीच, आणि हे बी. ती हसत होती. बापूंनी मला थांबवायला सांगितलं.

"मी कुनासाठी ओरडून राहिलो, ते कळतं का यात?"

मी म्हणाले, जिंकणाऱ्या मुलीसाठी, असं दिसतं.

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि चटईवर पालथा ठेवला. उरलेला सिनेमा आम्ही पाहिला नाही. तांड्यावर पोरं अजून त्यांना तो दाखवतात, बापू, तुमी तर सगळ्या स्टेडियममध्ये हाव, म्हणतात. ते उठून जातात.

मी बहिणीला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. आठवडाभर गेली, मग खोलीतच बसून राहायला लागली. दार बंद करून बसायची, कारण विचारलं तर म्हणायची, मैदानावरची शिट्टी ऐकू येते. खोलीपासून मैदान लांब आहे, मला कधी शिट्टी ऐकू आली नाही. शेवटी एक दिवस म्हणाली, मी याडीसंगं फडावर जाते. मी तिच्याशी भांडले. इतकी वर्षं ज्यासाठी काढली ते सगळं सांगून पाहिलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अक्का, इथं बसून मी काय करू? तिथं सैपाक तरी करीन. याडीचे हात आता चालत न्हाईत."

तिनं मोळी उचलू नये, असं मी बापूंना बजावलं. त्यांनी मान हलवली. पण मी काही फडावर नसते.

या दिवाळीनंतर मी त्यांना सोडायला तांड्यावर गेले होते. ट्रकमध्ये सामान भरून झालं होतं, पत्रे, भांडी, शेळी, अंथरुणं. बाकीच्या बायका चाकावर पाय देऊन वर चढल्या. बहिणीला गुडघा तेवढा वाकवता येईना. दोनदा प्रयत्न करून ती खाली उतरली. मग टोळीच्या मुकादमानं तिला पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसायला सांगितलं. तिनं आतून मला हाक मारली, माझ्या खोलीची किल्ली तिच्याजवळच राहिली होती, खिडकीतून हात काढून तिनं ती माझ्याकडे दिली. बापू वर अंथरुणांवर बसले होते. गाडी फाट्याकडे वळली. मला दुपारची शाळा होती. हिंगोलीला परतायला मी जवळच्या गोरेगावची जीप धरली.